बाळाच्या खोलीतल्या एसीला बुरशी लागली असेल तर काय करायचं

एसी लावल्यावर पहिली पाचेक मिनिटं कुबट वास येतो, पावसाळ्यात न वाळलेल्या कपड्यांना येतो ना तसा, आणि मग तो गेला असं वाटतं म्हणून आपण सोडून देतो. तो जात नाही, आपल्या नाकाला सवय होते. घरात लहान मूल असेल तर प्लीज हा वास सोडून देऊ नका, कारण बहुतेक वेळा आत बुरशी धरल्याचा तो पहिला इशारा असतो, आणि ज्या खोलीत मूल रात्रीचे दहा तास झोपतं त्याच खोलीची हवा तो एसी पुन्हा पुन्हा स्वतःमधून फिरवत असतो. स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही, हे अजूनही खूप जणांना माहीत नसतं.

मी हे मुख्यतः मुंबई, ठाणे, नवी मुंबई, कोकण, गोवा अशा दमट भागातल्या घरांसाठी लिहितेय, भिंतीवरचा साधा स्प्लिट एसी धरून. पुण्या-नाशिककडे उन्हाळा कोरडा असल्याने त्रास जरा कमी, पण जुलै-ऑगस्टमध्ये तिकडेही हीच गत असते.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते. बुरशी मारण्याच्या मागे लागू नका, ओल थांबवण्याच्या मागे लागा. बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडेच असतात, ते घरातून शंभर टक्के घालवणं कुणालाच शक्य नाही, पण ओल मिळाली नाही तर ते वाढत नाहीत. आणि ओल मिळाली तर 24 ते 48 तासांत वाढायला लागतात. शिवाय फवारा मारून मेलेली बुरशी तिथेच राहिली तर तिचीसुद्धा अ‍ॅलर्जी येऊ शकते, म्हणजे नुसता स्प्रे मारून काम होत नाही, ती धुवून बाहेर काढावीच लागते. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये घरातली ओल आणि बुरशी ह्यावर मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या, त्यातही इतकी बुरशी चालेल आणि इतकी नाही असा आकडा दिलेला नाही, ओल होऊ देऊ नका आणि झाली तर दुरुस्त करा, असंच सांगितलंय.

एसीत ओल येते कुठून

इनडोअर युनिटच्या आत जी कॉइल असते ती चालू असताना साधारण 10 अंशांच्या आसपास थंड असते. पावसाळ्यात मुंबईची हवा इतकी ओली असते की 24-25 अंशांच्या खालची कुठलीही वस्तू घामेजते, मग कॉइलवर तर पाण्याच्या धाराच लागतात. ते पाणी खालच्या ट्रेमध्ये पडतं आणि ड्रेन पाइपने बाहेर जातं. इथपर्यंत ठीक, एसीचं कामच ते आहे. पण आपण सकाळी रिमोटचं बटण दाबून एसी बंद करतो तेव्हा कॉइल ओली, ट्रेमध्ये थोडं पाणी, मागे तो लांब गोल ब्लोअर असतो तो ओलसर, आत अंधार, आणि फिल्टरमधून निसटलेली बारीक धूळ, कातडीचे कण, कपड्यांचे तंतू सगळीकडे चिकटलेले. बुरशीला आणखी काय पाहिजे? दिवसभर बंद, रात्री परत चालू, आणि चालू झाल्याबरोबर ब्लोअर जोरात फिरून जे काही वाढलंय ते खोलीत. पहिल्या पाच मिनिटांत वास जास्त येतो तो ह्याचमुळे.

म्हणूनच माझं स्पष्ट मत आहे की बुरशीचा खरा सीझन उन्हाळा नाही, जून ते ऑक्टोबर आहे. एप्रिल-मेमध्ये एसी रोज तासन् तास चालतो, पाणी वाहतं राहतं. पावसाळ्यात आपण एक दिवस लावतो, दोन दिवस लावत नाही, आणि ते ओलं युनिट 80-90 टक्के दमटपणा असलेल्या हवेत तसंच बंद पडून राहतं. सगळे लोक मार्चमध्ये एकदा सर्व्हिस करतात आणि मोकळे होतात. लहान मूल असलेल्या घरात पावसाळा संपता संपता, ऑक्टोबरची हीट सुरू व्हायच्या आधी दुसरी सर्व्हिस करायलाच पाहिजे. एकच परवडत असेल तर मी म्हणेन मार्चची सोडा पण सप्टेंबर-ऑक्टोबरची करा, आणि फिल्टर घरी धुवत राहा.

आधी बघायचं कसं

मुलाला दुसऱ्या खोलीत ठेवा. एसी रिमोटने बंद करून मग एमसीबी किंवा मेन स्विचपण बंद करा, नुसता रिमोट नको. स्टूलवर नीट उभं राहून पुढची झाकणाची पट्टी वर उचला, फिल्टरच्या जाळ्या काढा. मागे कॉइल दिसेल, त्यावर धुळीचा थर आहे का बघा. मग खालून जिथून हवा येते ते फ्लॅप हाताने हळूच उघडे करून मोबाइलचा टॉर्च आत मारा. तिथे तो ब्लोअर दिसतो, लांब दंडगोल आणि त्याला बारीक पात्या. ह्या पात्यांवर आणि आजूबाजूच्या पांढऱ्या प्लास्टिकवर काळे किंवा हिरवट ठिपके दिसतायत का? नुसती धूळ असेल तर ती राखाडी, कोरडी, टिश्यूने पुसली की लोकरीसारखी निघते. बुरशी असेल तर ठिपक्या ठिपक्यांची, जरा चिकट, पुसल्यावर काळा डाग पडतो आणि थोड्या दिवसांनी त्याच जागी परत येते.

फक्त फ्लॅपवर चार ठिपके असतील तर ते घरी पुसता येतं. ब्लोअरच्या पात्या काळ्या झाल्या असतील तर ते घरचं काम नाही, टेक्निशियन बोलवा, आणि तोपर्यंत त्या खोलीतला एसी लावू नका. सिलिंग फॅनवर झोपा, नाहीतर सगळे मिळून दुसऱ्या खोलीत झोपा. उकडतं, मूल रडतं, मला कल्पना आहे, पण दोन-चार रात्रींचा प्रश्न असतो.

आणखी एक, इंटरनेटवर ‘ब्लॅक मोल्ड’ म्हणून जे भयंकर काहीतरी वाचायला मिळतं त्याने घाबरून जाऊ नका. काळा रंग म्हणजे तीच विषारी जात असं नसतं. ती जी स्टॅकिबोट्रिस म्हणतात ती सतत भिजलेल्या कागद, पुठ्ठा, जिप्समच्या बोर्डवर वाढते, अमेरिकेतली घरं तशा बोर्डांची असल्याने तिकडे तिची जास्त चर्चा असते. एसीच्या प्लास्टिकवर जी काळी बुरशी दिसते ती बहुतेक वेळा क्लॅडोस्पोरियम वगैरे साध्या, सगळीकडे सापडणाऱ्या जातीची असते. जात कुठली ते लॅबमध्ये पाठवून तपासायची काही गरज नाही, कुठलीही असली तरी करायचं तेच आहे, काढायची आणि ओल थांबवायची. मात्र तुमच्याकडे एसीच्या वर फॉल्स सीलिंग असेल आणि त्यावर पिवळट-काळा डाग पसरत असेल तर ते जिप्सम भिजतंय, ते पुसून भागणार नाही, तेवढा तुकडा काढून बदलावा लागतो.

मुलांना काय होऊ शकतं आणि डॉक्टरकडे कधी पळायचं

बाळ आपल्यापेक्षा भरभर श्वास घेतं. नवजात बाळ मिनिटाला 30 ते 60 वेळा, आपण मोठी माणसं 12 ते 20. म्हणजे वजनाच्या मानाने ते खोलीतली हवा आपल्यापेक्षा कितीतरी जास्त आत ओढतं, त्याच्या श्वासनळ्या मुळातच अरुंद, जराशी सूज आली तरी घरघर सुरू होते. म्हणून ‘आम्हाला तर काही होत नाही त्या एसीने’ हे लहान मुलाच्या बाबतीत धरून चालू नका.

पण दुसरी बाजूपण सांगायला हवी. प्रत्येक सर्दी एसीची नसते. पाळणाघरात किंवा प्ले ग्रुपला जाणाऱ्या मुलाला वर्षभरात पुष्कळ वेळा सर्दी होते आणि ती बहुतेक व्हायरसची असते, त्यात ताप येतो, नाक आधी पाण्यासारखं मग घट्ट होतं, आठवडा-दहा दिवसांत उतरते. बुरशीच्या अ‍ॅलर्जीचा पॅटर्न वेगळा असतो. ताप नसतो, सकाळी उठल्या उठल्या शिंकांची माळ, नाक सतत चोळणं, डोळे खाजणं, रात्री कोरडा खोकला, आणि गावाला आजीकडे गेलं की चार दिवसांत बरं वाटतं, घरी आलं की परत चालू. हाच पॅटर्न गादीतल्या धुळीच्या किड्यांमुळेपण येतो, त्यामुळे स्वतःच निदान करून बसू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि दाखवताना ‘आमच्या एसीत बुरशी निघाली’ हे मुद्दाम सांगा. आपण सांगितलं नाही तर डॉक्टरांना ते कळायला मार्ग नाही. ब्लोअरचा फोटो मोबाइलमध्ये ठेवला असेल तर तो दाखवा.

श्वास मोजायला शिका, खूप उपयोगाचं आहे. मूल शांत असताना किंवा झोपलेलं असताना पोट-छाती वरखाली होते ती घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजायची. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षं 40 किंवा जास्त असतील तर श्वास जलद आहे, त्याच दिवशी डॉक्टरकडे. आणि श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, ओठ निळसर दिसत असतील, बाळ दूध ओढत नसेल, मलूल पडलं असेल तर वाट बघायची नाही, हॉस्पिटल गाठा, गाडी नसेल तर 108 लावा.

मुलाला दमा आहे असं निदान झालं आणि इन्हेलर दिला तर तो घ्या. ‘पंपाची सवय लागते’ हे आपल्याकडे अजून घराघरात ऐकायला मिळतं आणि त्यापायी मुलं रात्र रात्र खोकत काढतात. सवय लागत नाही. एसी साफ झाला म्हणून आपल्या मनाने बंदही करू नका, ते डॉक्टर ठरवतील. आणि ज्या मुलाची प्रतिकारशक्ती खूप कमी आहे, म्हणजे कॅन्सरची ट्रीटमेंट चालू आहे, ट्रान्सप्लांट झालंय, बरेच दिवस जास्त डोसचं स्टिरॉइड चालू आहे, त्याच्यासाठी अ‍ॅस्परजिलससारखी बुरशी नुसती अ‍ॅलर्जी नसते, फुप्फुसात गंभीर इन्फेक्शन होऊ शकतं. अशा घरात स्वतः काहीही उघडू नका, आधी डॉक्टरांना विचारा, मुलाला घराबाहेर ठेवूनच काम करून घ्या.

घरी करायचं ते

फिल्टर सीझनमध्ये दर पंधरा दिवसांनी धुवायचे, त्यात हयगय नको. कोमट किंवा साध्या पाण्यात, वाटलं तर भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, जुन्या मऊ ब्रशने हलक्या हाताने. उकळतं पाणी नको, जाळी वाकडी होते. वाळवायचे सावलीत, आणि पूर्ण कोरडे झाल्याशिवाय परत बसवायचे नाहीत, ओले फिल्टर बसवणं म्हणजे आपणच बुरशी लावण्यासारखं आहे. पावसाळ्यात वाळत नाहीत, खरंय, मग रात्रभर पंख्याखाली ठेवा. काही एसीमध्ये बारीक जाळीशिवाय छोटा काळा किंवा हिरवा कार्बनचा तुकडा असतो, तो सहसा धुवायचा नसतो, बदलायचा असतो, एसीबरोबर आलेल्या पुस्तकात बघून घ्या.

फ्लॅप आणि बाहेरचं प्लास्टिक साबणाच्या पाण्यात पिळलेल्या कपड्याने पुसा, मग साध्या पाण्याच्या कपड्याने, मग कोरड्या. कोरड्या फडक्याने झटकायचं नाही, बीजाणू उडतात. हात घालताना ग्लोव्हज, तोंडाला एन-95 मास्क, आणि कुणाला दमा असेल किंवा घरात कुणी गरोदर असेल तर त्यांनी हे काम करू नये, दुसऱ्याने करावं.

ह्याच्या पुढे जायचं नाही. स्प्रेच्या बाटलीने आत पाणी मारू नका, उजव्या-डाव्या बाजूला सर्किट आणि मोटर असते. ब्लोअरमध्ये टूथब्रश घालून खरवडू नका, पाती तुटली की बॅलन्स जातो आणि एसी खडखडायला लागतो. कॉइलच्या बारीक पत्र्या बोटाने दाबल्या तरी वाकतात, आणि हात कापतो तो वेगळाच. ऑनलाइन मिळणारे फोमचे कॅन ‘मारा आणि विसरा’ म्हणून विकतात, माझा त्यांना विरोध आहे, निदान बाळाच्या खोलीत तरी. फोम कॉइलच्या वरवर लागतो, मागच्या ब्लोअरपर्यंत जातच नाही, नीट धुतलं गेलं नाही तर केमिकल आणि परफ्यूम आतच राहतं आणि तेच बाळाच्या नाकात जातं.

ब्लीच तर अजिबात नको. अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्या खराब होतात, वास बंद खोलीत राहतो, आणि कुणी जोर यावा म्हणून ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर किंवा व्हिनेगर मिसळलं तर क्लोरीन वायू तयार होतो, जो मोठ्या माणसालाही हॉस्पिटलात पाठवू शकतो.

टेक्निशियनला काय विचारायचं

‘सर्व्हिस’ ह्या शब्दात काहीही बसतं. कुणी फिल्टर झटकून, वरून हातातल्या मशीनने हवा मारून पाच मिनिटांत निघून जातो, ती ड्राय सर्व्हिस, बुरशीसाठी उपयोग शून्य, उलट सगळं खोलीभर उडतं. तुम्हाला पाहिजे ती वेट किंवा जेट सर्व्हिस, म्हणजे जोराच्या पाण्याने आतून धुणं, आणि फोनवरच विचारून घ्यायचं की युनिटला प्लास्टिकची बॅग लावणार का, ड्रेन ट्रे काढून धुणार का, ब्लोअर बाहेर काढून धुणार का. हा तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण नुसत्या जेटने पुढून कॉइल छान चकाचक होते, फोटो काढून दाखवतात, आणि ब्लोअरच्या पात्यांच्या आतल्या बाजूची बुरशी जशीच्या तशी. बुरशी जास्त असेल तर ब्लोअर काढावाच लागतो, त्याचे जास्त पैसे घेतात, वेळही जास्त लागतो, पण तेवढं द्या. नाही काढणार म्हणाला तर दुसरा बघा. अ‍ॅसिडवालं क्लीनर वापरू देऊ नका, साधं पाणी आणि सौम्य साबण पुरतो, आणि एखादं कॉइल क्लीनर वापरलंच तर फेस पूर्ण जाईपर्यंत पाण्याने धुवून घ्या. उभं राहून बघा, बॅगेतून बादलीत येणारं पाणी सुरुवातीला काळं येतं, ते स्वच्छ येईपर्यंत थांबू देऊ नका. शेवटी ड्रेन पाइपमध्ये पाणी सोडून बाहेर धार नीट पडतेय का ते त्याच्याकडूनच दाखवून घ्या, पाइपमध्ये शेवाळासारखा चिकट थर असतो आणि तो तुंबला की ट्रेमध्ये पाणी साचून राहतं.

त्या दिवशी मूल घरात नसलेलं बरं. आजी-आजोबांकडे, शेजारी, कुठेही, आणि अगदीच शक्य नसेल तर लांबच्या खोलीत दार बंद करून, दाराखालच्या फटीला ओला टॉवेल लावून. काम सुरू व्हायच्या आधी बेडवरच्या चादरी, उशा, मच्छरदाणी, सॉफ्ट टॉइज, पाळण्यातली दुपटी सगळं खोलीबाहेर काढा. जे हलवता येत नाही, म्हणजे गादी, कपाट, त्यावर जुनी चादर टाका आणि ती चादर नंतर लगेच गरम पाण्यात धुवा. झाल्यावर झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्याने फरशी, खिडकीची कड, पंख्याची पाती पुसायची. मग खिडकी उघडून एसी फॅन मोडवर तासभर चालवा, त्यानंतर खिडकी बंद करून कूलवर अर्धा तास, स्वतः वास घेऊन बघा, वास नसेल तर मुलाला आत न्या. वास अजून येत असेल तर काम नीट झालेलं नाही, पैसे द्यायच्या आधीच सांगा.

रोजची सवय

इथे एक गैरसमज खूप जणांचा आहे म्हणून जरा सविस्तर. रिमोटवर ‘ड्राय’ मोड असतो, लोकांना वाटतं की तो एसीला आतून कोरडा करतो. नाही. ड्राय मोड खोलीतली हवा कोरडी करतो, आणि ते तो कॉइलवर पाणी जमवूनच करतो, म्हणजे ड्राय मोडवरून थेट बंद केलात तरी आतून एसी ओलाच राहतो. पावसाळ्यात खोलीसाठी ड्राय मोड चांगलाच आहे, फार गारठा न होता दमटपणा कमी होतो, मुलांसाठी मी तोच लावते. पण बंद करायच्या आधी फॅन मोडवर अर्धा तास चालवायला पाहिजे, त्याने कॉइल आणि ब्लोअर वाळतात. फॅन मोडमध्ये ते पाणी वाफ होऊन खोलीतच येतं, त्यामुळे हे सकाळी मूल उठून बाहेरच्या खोलीत गेल्यावर करा, पाऊस नसेल तर खिडकी उघडून, धो धो असेल तर खोलीचं दार उघडं ठेवून आणि सिलिंग फॅन लावून.

नव्या एसीत ‘ऑटो क्लीन’ किंवा ‘सेल्फ क्लीन’ असतं, ते चालूच ठेवा. काहींमध्ये बंद केल्यावर पंखा आपोआप थोडा वेळ फिरतो, काहींमध्ये कॉइलवर आधी बर्फ धरवून मग तो वितळवून धुतात. दोन्हीने मदत होते, पण आधीच धरलेली बुरशी त्याने निघत नाही आणि ब्लोअर धुतला जात नाही, म्हणून ऑटो क्लीन आहे म्हणजे सर्व्हिस नको असं समजू नका.

टेम्परेचर 24 ते 26 ठेवा. 2020 पासून आपल्याकडचे स्टार लेबलवाले एसी चालू करताना मुळात 24 वरच येतात, ते खाली 18 वर नेण्याचं बाळासाठी काहीच कारण नाही, आणि खूप गार खोलीत दमट हवा शिरली की भिंती, कपाटाच्या मागच्या बाजू घामेजतात. एसी चालू असताना खिडकीला फट ठेवायची नाही, बाहेरची ओली हवा आत येत राहते आणि कॉइलवर दुप्पट पाणी. त्यापेक्षा एसी नसताना, दुपारी वगैरे, खोली मोकळी करा. पाळणा किंवा बाळाची गादी थेट हवेच्या झोताखाली नको, युनिटच्या बरोबर खालीपण नको, गळायला लागलं तर पाणी तिथेच पडतं.

बाजारात हवेतला दमटपणा मोजणारा छोटा डिजिटल हायग्रोमीटर मिळतो, फार महाग नसतो, तो एक घ्या आणि बाळाच्या खोलीत ठेवा. 60 टक्क्यांच्या खाली ठेवायचा प्रयत्न करायचा, 50 च्या आसपास असेल तर उत्तम. आकडा समोर दिसायला लागला की कशाने वाढतो ते लगेच कळतं. आणि वाढवणारं बहुतेक आपणच केलेलं असतं. लंगोट, झबली, दुपटी पावसाळ्यात वाळत नाहीत म्हणून बाळाच्याच खोलीत दोरी बांधून एसीखाली वाळत घालतात, त्या कपड्यांतलं सगळं पाणी हवेत जातं. दुसऱ्या खोलीत पंख्याखाली घाला. ‘एसीने नाक कोरडं पडतं’ म्हणून ह्युमिडिफायर लावतात, जुलैच्या मुंबईत त्याची काहीही गरज नाही, नाकासाठी डॉक्टरांनी सांगितलेले सलाइनचे थेंब पुरतात. वाफाऱ्याचं मशीन खोलीत चालू ठेवणंही नको, ओल तर वाढतेच शिवाय भाजण्याची भीती.

वास घालवायला हे करू नका

हे मी तळमळीने सांगतेय कारण प्रेमापोटीच केलं जातं. कुबट वास येतो म्हणून कपाटात, कधी कधी तर एसीच्या जाळीजवळ डांबराच्या गोळ्या ठेवतात. त्यात नॅफ्थलीन असतं. ज्या बाळांमध्ये जी6पीडी नावाचं एन्झाइम जन्मतः कमी असतं त्यांच्या रक्तातल्या लाल पेशी नॅफ्थलीनच्या वाफेने फुटतात, कावीळ होते, जीवावर बेतू शकतं, आणि बाळाला ही कमतरता आहे का हे बहुतेक घरांना माहीतच नसतं. बाळाच्या कपड्यांत, दुपट्यांतही ह्या गोळ्या नकोत. कापूरही नको, पोटली करून पाळण्याला बांधतात, बाळाने तोंडात घातला तर फिट्स येतात.

धुरीचं बोलायला जरा अवघड जातं कारण आजी मंडळींचा तो श्रद्धेचा विषय आहे. बाळाला न्हाऊ घातल्यावर शेगडीवर ओवा, वेखंड, धूप टाकून द्यायची धुरी आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलीय, पण ती मोकळ्या, वाड्यासारख्या घरांमधली गोष्ट. बंद फ्लॅटमध्ये, एसीच्या खोलीत, तोच धूर कोंडून राहतो, बाळाची छाती भरते आणि कॉइलवर चिकट थर बसतो ज्यावर धूळ आणखी धरते. आजीला दुखवायचं नसेल तर बाळाच्या अंगाला तिच्या हातचं तेल-मालिश राहू द्या, धुरी तेवढी बंद करा. अगरबत्ती, रूम फ्रेशनर, मच्छरची कॉइलपण त्या खोलीत नको, मच्छरदाणी लावा.

एअर प्युरिफायर घ्यायचा का असं विचारतात. हेपा फिल्टरचा असेल तर हवेतले बीजाणू पकडतो, पण एसीत बुरशी तशीच ठेवून प्युरिफायर लावणं म्हणजे पैसे वाया, आधी एसी धुवा. ओझोन सोडणारी मशीन तर मुलांच्या घरात आणूच नका, ओझोन फुप्फुसांना त्रासदायक असतो.

सगळं करूनही दोन-तीन महिन्यांत परत येत असेल तर

मग दोष सर्व्हिसचा नसतो, बसवण्याचा असतो. इनडोअर युनिट किंचित ड्रेनच्या बाजूला कललेलं आहे का, की उलट्या बाजूला, ते लेव्हल लावून बघायला सांगा. ड्रेन पाइपला मध्ये कुठे वर चढ किंवा झोळ आहे का, बाहेरचं टोक बादलीत किंवा कुंडीच्या मातीत बुडलंय का. तांब्याचा पाइप भिंतीतून बाहेर जातो ते भोक बघा, बऱ्याच घरांत ते नुसतं पुट्टीने थातूरमातूर बुजवलेलं असतं आणि नैऋत्येकडून पावसाचा मारा आला की तिथून पाणी आणि दमट हवा थेट युनिटच्या पाठीमागे शिरते, बाहेरून नीट सील करून घ्या, आणि भोकाचा उतार बाहेरच्या बाजूला पाहिजे. पाइपवरचं काळं फोम फाटलं असेल तर तो पाइप घामेजतो आणि भिंत आतून भिजते.

एसीच्या मागची भिंतच ओली असेल, रंगाचे पोपडे सुटत असतील, तर ते बाहेरच्या भिंतीचं किंवा वरच्या फ्लॅटच्या बाथरूमचं लीकेज आहे, त्याला एसीवाला काही करू शकत नाही. सोसायटीला लेखी अर्ज द्या, फोटो जोडा, घरात लहान मूल आहे आणि त्याला श्वासाचा त्रास होतोय हे लिहा, डॉक्टरांची चिठ्ठी असेल तर तिची कॉपी लावा. भाड्याचं घर असेल तर घरमालकाला हेच सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर फोटोसकट पाठवा म्हणजे तारीख राहते, आणि पुढच्या वेळी घर बघायला जाल तेव्हा एसी चालू करून पहिल्या पाच मिनिटांचा वास घ्या, फ्लॅपमध्ये टॉर्च मारून बघा, अ‍ॅग्रीमेंटच्या आधी जेट सर्व्हिस करून मागा.

एसी खोलीच्या मानाने खूप मोठा असणं हेपण एक कारण असतं. छोट्याशा शंभर स्क्वेअर फुटांच्या बेडरूममध्ये दीड टनाचा एसी बसवला की खोली झटकन गार होते, कॉम्प्रेसर लगेच बंद होतो, हवेतलं पाणी काढायला त्याला वेळच मिळत नाही, खोली गार पण ओलसर राहते, चादरी दमट लागतात. असं असेल तर ड्राय मोडवर जास्त चालवा, आणि पुढचा एसी घेताना दुकानदार ‘मोठाच घ्या’ म्हणाला तरी खोली मोजून घ्या.

दुबई, अबुधाबीकडे असणाऱ्यांसाठी थोडं वेगळं, तिथे बहुतेक फ्लॅटमध्ये डक्टचा एसी असतो, मशीन बाथरूमच्या फॉल्स सीलिंगवर आणि हवा डक्टमधून येते. जाळीवर काळं दिसलं तर नुसती जाळी पुसून सोडू नका, मशीनची कॉइल, ट्रे आणि डक्टची आतली बाजू कॅमेऱ्याने बघून घ्या, आणि डक्टला आतून लावलेलं इन्सुलेशन भिजून बुरशी धरली असेल तर ते धुवून निघत नाही, बदलावं लागतं. सुट्टीत भारतात येताना तिथला एसी पूर्ण बंद करून महिनाभर घर कोंडून ठेवू नका, 26-27 वर ठेवून या, नाहीतर परत गेल्यावर गाद्यांपासून मुलांच्या पुस्तकांपर्यंत सगळीकडे बुरशी सापडते.